दोघांत मिळून एक मलम

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग सध्या दोन उशांवर ठेवलेलं आहे, तेव्हा उरलेल्या सातांवर भागवून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? मी बरा आहे एवढंच लिहिणार होतो, पण तू लगेच फोन करून बरा म्हणजे नक्की किती ते विचारशील. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि ही हकिकत एकदा तुटली तर पुन्हा सुरू करायची माझी हिंमत नाही. म्हणून पत्र.

तर पाय. मधुमेहाने तो बधिर झालाय हे तुला माहीतच आहे. बुटात शर्टाचं बटण पडलं होतं, ते मी दिवसभर तुडवत हिंडलो आणि मला पत्ता नाही. संध्याकाळी मोजा लाल दिसला तेव्हा कळलं. अंगठ्याखाली वालाच्या दाण्याएवढी जखम. सर्जन म्हणाले, सहा आठवडे बघू, नाही भरली तर अंगठा काढावा लागेल. हे ते इतक्या सहज म्हणाले की मी आधी मान डोलावली आणि मग घाबरलो. तोवर त्या पायावर भार द्यायचा नाही, बसून राहायचं. ताई, एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून उभा राहिलेला माणूस मी! लोकांना बसा बसा म्हणण्यात जन्म गेला, स्वतः बसायची सवय कुठून आणू? पहिल्या आठवड्यात टेबलाखालचे स्क्रू मोजून झाले. बावीस आहेत, त्यातले तीन ढिले होते. ते मी घट्ट केले, त्यासाठी उठलो, त्याबद्दल सूनबाईची बोलणी खाल्ली.

आता तुझी टिटवी. (चौतीस वर्षांची डॉक्टर आहे, मान्य. पण तिचं बारशाआधीचं रडणं मी ऐकलंय, माझ्यासाठी ती टिटवीच.) जुन्या वैद्यांचा झाडपाल्याचा लेप अशा जखमांवर खरंच चालतो का, याची परीक्षा तिच्या दवाखान्यात चालू आहे. परवानग्यांसाठीच तिने चार वर्षं उंबरे झिजवले, ते तू पाहिलंस. पद्धत अशी की निम्म्या रुग्णांना खरं मलम, निम्म्यांना खोटं. दोन्ही हिरवट, दोन्हींना तोच पाल्याचा वास, नळीवर नुसता आकडा. कुणाला काय मिळालं ते एका बंद पाकिटात, आणि पाकीट तिसऱ्याच माणसाकडे. मी तिला बाजूला घेऊन सरळ विचारलं, मामाला खरं दिलंयस ना? ती म्हणाली, मलाच माहीत नाही. कप फोडून दडवणारी टिटवी मी पाहिलेली आहे. खोटं बोलताना तिच्या नाकाचा शेंडा हलतो. तो हलला नाही. तिला खरंच माहीत नव्हतं.

मग मी घरीच परीक्षा सुरू केली. मलमाला हुंगलं. जिभेला लावलं. (कडू. पण खोटंही कडू केलं असेल तर?) दाढी करताना दोन्ही गालांवर मुद्दाम एकेक ओरखडा काढला आणि एकालाच मलम लावलं. दोन्ही एकाच दिवशी बरे झाले. सूनबाईने त्यानंतर रेझर कपाटात ठेवला.

अशा अवस्थेत मला शिंपी भेटला. दर मंगळवारी ड्रेसिंगला आम्ही एकाच बाकावर. त्याची डावी टाच, आणि तिच्यावरच त्याच्या मशीनचं पायडल. तुझा अंगठा गेला तरी तू हिंडशील, म्हणाला, माझी टाच गेली तर दुकानाला कुलूप. (तुझं बटण मी शिवलेलं नव्हतं, हेही त्याने पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं.) दोघांतल्या एकाला खोटं मिळालेलं असणार, हे आम्ही कसं ठरवलं विचारू नकोस, बाकावर बसलं की माणसं असलंच ठरवतात. मग उपाय निघाला. दवाखान्यासमोरच त्याचं दुकान. ड्रेसिंग झालं, आठवड्याची नवी नळी मिळाली की तिथे जायचं, कापडं बेतायच्या टेबलावर काच मांडायची, दोन्ही नळ्या शेजारी शेजारी पिळायच्या. शिंप्याने टेप लावून रेघा मोजल्या. माझी अर्ध्या इंचाने जास्त निघाली तर ती कापली. मग सगळं कालवून दोन डब्यांत सारखं भरलं. घरी रोज त्यातलंच लावायचं. म्हणजे दोघांनाही अर्धं खरं तरी नक्की. इतकं न्यायाचं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही, असं वाटून मी त्या दिवशी छाती काढून घरी आलो.

आणि ताई, जखमा भरायला लागल्या! त्याचीही, माझीही. दर मंगळवारी पारदर्शक कागदावर जखमेची कड काढतात. पाचव्या आठवड्यात टिटवी माझे सगळे कागद एकावर एक धरून उजेडात बघत होती. वालाची मसुरडाळ झाली होती. तिचे डोळे भरून आले. "मामा, भरतेय," एवढंच म्हणाली आणि खांद्यावर हात ठेवून गेली.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. पोरीची चार वर्षं आणि आम्ही काचेवर कालवून टाकली! आमच्यावरून ती उद्या काहीतरी भलतंच लिहील आणि त्यावर विसंबून कुणा परक्याच्या पायाला भलतंच लावतील. दोनदा तिच्या खोलीपर्यंत गेलो, दोनदा पिण्याचं पाणी कुठे आहे ते विचारून परत आलो. खुर्चीत बसवत नाही, उठता येत नाही, जेवण गोड लागत नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझा, सध्या तरी पूर्ण वीस बोटांचा,
भाऊ

ता. क. पत्राचं खरं कारण हे की टिटवीला हे तू सांग. तू आई आहेस, तुझ्यावर ती फार तर दोन दिवस रागवेल. जेवण झाल्यावर सांग. शिंप्याचं नाव घेऊ नकोस, तो भित्रा आहे. किंवा घे. टेप त्याचीच होती.

ता. क. दुसरा. तिला काही सांगू नकोस. आज सहावा मंगळवार. पत्र टाकायला म्हणून खिशात घेऊन गेलो आणि तिच्यासमोर उभ्या उभ्या सगळं ओकून बसलो. तिने आधी मला बसवलं, मग वही उघडून दाखवली. आम्हा दोघांची नावं तिसऱ्याच आठवड्यात खोडलेली. ड्रेसिंगच्या खोलीची खिडकी शिंप्याच्या दुकानावर उघडते. विजारी वर करून, टेप लावून मलम मोजणारे दोन म्हातारे सगळ्या सिस्टरांनी रांगेने पाहिले होते. त्यानंतरच्या नळ्यांत दोघांनाही दवाखान्याचं तेच ते साधं मलम होतं, आणि आम्ही ते दोन मंगळवार इंचाइंचाने सारखं वाटून घेतलं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? "बोलले असते तर आला असतास मंगळवारी? घरी पाय वर करून बसला असतास? अभ्यासाला दुसरे पाय मिळतील, मामा. मला तुझा हवा होता." नाकाचा शेंडा हलला नाही. मी रडलो, लपवत नाही. सर्जन म्हणाले, अंगठा राहतोय.

ता. क. तिसरा. शिंप्याची टाच अजून तीन आठवडे घेईल म्हणतात. त्याला मी काही सांगितलेलं नाही; कळलं तर उद्याच पायडलवर बसेल. मंगळवारी तो टेप आणि काच काढून माझी वाट बघतो. मी जाणार आहे. एरवीही रोज दुपारी त्याच्याकडे जाऊन पाय वर करून बसतो, म्हणजे त्यालाही करावा लागतो.