दुसऱ्या निरीक्षकाचा रकाना

३ डिसेंबर, मंगळवार
सकाळी सव्वासातला तलावावर गेले. थंडी होती. बदकं बरीच, पण लांब. बांधावर एक धोबी पक्षी शेपटी हलवत फिरत होता. पावणेनऊला घरी. कपडे धुतले. दुपारी पक्षीमंडळाच्या सचिवांचा फोन. "वहिनी, एक काम होतं. जरा नाजूक आहे." उद्या येतो म्हणाले.

४ डिसेंबर, बुधवार
सचिव येऊन गेले. गेल्या हिवाळ्याच्या नोंदींचं पुस्तक छापायला जायचंय आणि ह्यांची एक नोंद अडकून पडली आहे. काळा करकोचा. १४ जानेवारी, सकाळी ७.४०, उत्तर काठावरचं वाळलेलं झाड. आपल्या भागातली पहिलीच. पहिल्या नोंदीला दोन माणसांनी पाहिलेलं लागतं, असा मंडळाचा नियम. फोटो नाही. ह्यांनी कॅमेरा कधी घेतलाच नाही. "काढत बसलं की बघायचं राहतं."

सचिवांनी तक्ता पुढे केला. ह्यांचं अक्षर. खाली 'दुसरा निरीक्षक' असा रकाना आणि त्यात माझं नाव. आडनावासकट!

"तुम्ही फक्त इथे सही करायची. 'मी स्वतः पाहिला', एवढंच."

विचार करून सांगते म्हटलं. ते चपापले. यात विचार काय करायचा, असं वाटलं असणार. जानेवारीअखेरपर्यंत वेळ आहे म्हणाले.

मी तिथे नव्हते.

५ डिसेंबर, गुरुवार
कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते.

त्या सकाळी ह्यांचा तलावावरून फोन आला. आवाज दबलेला, पण आनंद मावत नव्हता. "चप्पल घाल आणि ये. पंधरा मिनिटांत पोचशील. तो बसलाय."

मी म्हटलं, "अहो, नळवाला आलाय. चार दिवसांनी उगवलाय. आता सोडला तर पुन्हा सापडायचा नाही. पक्षी काय, उद्याही असेल." आणि फोन ओट्यावर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पक्षी नव्हता. अकरा दिवसांनी हे नव्हते.

चौतीस वर्षांत किती वेळा म्हणाले असतील, चल ना. मी किती वेळा गेले ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

पण खोटं का लिहिलं? पत्त्यांतसुद्धा लबाडी जमायची नाही, म्हणून कायम हरायचे. तो माणूस तक्त्यात माझं नाव का घालेल?

८ डिसेंबर, रविवार
मंडळाची बैठक. ह्यांच्या जागी मला बोलावतात. मी मागच्या बाकावर बसते. मला यायला थोडा उशीर झाला. आत दातांचे डॉक्टर बोलत होते. "अहो, एकट्यालाच दिसतो तो पक्षी नसतो, भूत असतं." हशा झाला. मग कुणीतरी त्यांना कोपराने ढोसलं.

"वहिनी, या. तसं नव्हतं म्हणायचं मला."

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. ते काही वाईट नाहीत. पांढऱ्या मानेचा करकोचा इथे दर हिवाळ्यात येतो. काळ्या करकोच्याची मान काळी, चोच लाल. लांबून सगळा फरक मानेचा. आणि उन्हाकडे तोंड करून पाहिलं तर पांढरी मानही काळी दिसते. "पण तुम्ही पाहिलाय म्हटल्यावर माझं काही म्हणणं नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी चहाचा कप उचलला. रिकामा होता.

९ डिसेंबर, सोमवार
लेकीचा फोन. तिला सचिवांनी सांगितलं वाटतं. "आई, कर की सही. बाबांची शेवटची नोंद आहे ती. एका सहीनं कुणाचं काय बिघडतंय?"

"मी पाहिला नाही गं."

"बाबांनी पाहिला ना? झालं तर!"

१२ डिसेंबर, गुरुवार
दुर्बिणीतून काही धड दिसत नाही. ह्यांची दुर्बीण जुनी आहे, विटेसारखी जड. मध्ये फिरवायचं चाक नाही. दोन डोळ्यांना दोन कड्या, एकेक फिरवून आपापल्या डोळ्याला जुळवायची. हे चष्मा काढून बघायचे, त्यामुळे त्यांची जुळणी माझ्या डोळ्यांना म्हणजे नुसतं धुकं. पिशवीत कड्या हलू नयेत म्हणून दोन्हींवर पांढरी चिकटपट्टी घट्ट गुंडाळलेली आहे.

पट्टी काढली की मला दिसेल. पण मग ह्यांची नजर गेली. ती दुसरीकडे कुठे ठेवलेली नाही.

एकदा, सहा-सात वर्षं झाली असतील, मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवून ह्यांनी कड्या फिरवल्या होत्या. "आता? आता दिसतंय?" दिसलं तेव्हा हो म्हटलं. "मग समोरच्या गच्चीवर दोरीला किती चिमटे आहेत, सांग." मला कामं पडली होती. न मोजताच म्हटलं, पाच. हे हसले.

१६ डिसेंबर, सोमवार
वाळलेल्या झाडावर पाणकावळे. दोन तास उभी होते. करकोचा आला, मान काळी निघाली, तर ह्यांची नोंद खरी ठरेल आणि सहीचा प्रश्नच राहणार नाही. म्हणून रोज जाते. दुसरं कारण नाही.

आहे दुसरं कारण. ते लिहिता येत नाही.

२३ डिसेंबर, सोमवार
आज भीतीच वाटली. भांडी घासता घासता मला तो पक्षी आठवला. झाडाच्या डाव्या फांदीवर, एक पाय वर घेतलेला, मान आत ओढलेली. ह्यांचा मफलर माझ्या खांद्याला लागत होता, तोही आठवला. मी हे पाहिलेलं नाही! पण आठवलं, अगदी काल पाहिल्यासारखं.

लोक रोज विचारतात, "तुम्ही होता ना?" विचारून विचारून तिथे कुणीतरी उभी राहिली आहे. माझ्यासारखी दिसते. तिला सही करायला काहीच हरकत नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार
तलावावर गेले नाही. ती तिथे असेल असं वाटलं.

२ जानेवारी, गुरुवार
चक्रवाकांची जोडी आली आहे. नारिंगी रंग नुसत्या डोळ्यांनीही कळतो. मंडळाच्या वहीत टाकली. निरीक्षक एक.

१४ जानेवारी, मंगळवार
आला.

७.३५ ला. त्याच झाडावर. तलावाच्या पाणीपंपावरच्या रखवालदाराने आधी पाहिला. "ताई, करकोचा आलाय बघा."

"मान कशी आहे त्याची?"

"मान? आहे की. मानेच्या जागी."

दुर्बीण लावली. उंच, काळपट, खाली पांढरं काहीतरी. मान? धुकं! नुसत्या डोळ्यांना फार लांब. हात पट्टीवर गेला. नखानं तिची कडा उचललीसुद्धा. पुढे हात चालेना. तशीच उभी राहिले. मग तो पंख पसरून निघाला, तलावावरून गेला, संपला.

दुसऱ्यांदा.

रखवालदाराने बसायला स्टूल दिलं. मग सहज म्हणाला, "मागच्या वेळी साहेब तुमच्याशीच बोलत होते ना?"

"कधी?"

"तो आला होता तेव्हा. फोन कानाला, दुर्बीण डोळ्याला. मी म्हटलं, साहेब, एका वेळी एक काहीतरी करा. तर मलाच गप्प बस अशी खूण. 'बघ, आता मान वळवली. काळी आहे, काळी! चोच लाल. दिसतंय ना तुला?' असं चाललं होतं. बराच वेळ."

मी म्हटलं, मी फोन ठेवला होता. तो म्हणाला, "मग कुणाशी बोलत होते?"

१५ जानेवारी, बुधवार
ह्यांचा फोन कपाटात आहे. महिन्याच्या एक तारखेला चार्ज करते. का, ते विचारू नये. काल घरी आल्यावर काढला. फोन केल्याची यादी तशीच आहे, तिच्यात भर पडायला कोण आहे? गेल्या वर्षीची १४ जानेवारी, ७.४२. 'घर'. मला ते 'घर' म्हणून ठेवायचे.

चौदा मिनिटं सहा सेकंद.

मी बोलले ते फार तर अर्धा मिनिट. फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि बंद केला नाही. नळवाला पाइप ठोकत होता. मी त्याला सांगत होते, वायसर नीट बसव, मागच्यासारखं नको. बादली सरकवली, फडकं पिळलं. आणि तिकडे हे मला पक्षी दाखवत होते.

ठोकण्याचा आवाज त्यांना ऐकू येत असणार. माझं बोलणंही. मी ऐकत नाही हे त्यांना कळलं नसेल असं होणार नाही. तरी बंद केला नाही. चौदा मिनिटं सांगत राहिले.

घरी आले तेव्हा एवढंच म्हणाले, "झाला का नळ?"

मी म्हटलं, "झाला एकदाचा."

१६ जानेवारी, गुरुवार
काही नाही. नळ टपकतोय.

१७ जानेवारी, शुक्रवार
सचिवांना पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. शेवटी राहिलं ते असं:

'मी तलावावर नव्हते. मी पक्षी पाहिला नाही. त्या वेळी फोन चालू होता आणि हे मला वर्णन करून सांगत होते, पण माझं लक्ष नव्हतं. त्यांनी माझं नाव लिहिलं त्यात त्यांची लबाडी नाही. मी त्यांच्याबरोबर आहे असं त्यांनी धरलं होतं. सही करता येत नाही, क्षमस्व.'

लेकीला फोन करून वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आई, तू जेवलीस का?"

२५ जानेवारी, शनिवार
वर्ष झालं. तलावावर धुकं होतं. त्यात ती माझ्यासारखी बाई दिसली नाही. पत्र टाकल्यापासून दिसत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
सचिव आले होते. नोंद 'अनिश्चित' या यादीत जाईल, शेवटच्या पानावर, बारीक टाइपात. नियम तो नियम. मी म्हटलं, बरोबर आहे. ते म्हणाले, डॉक्टरांनी माझं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "ह्या बाईंनी पाहिला असता तर मी डोळे मिटून मानला असता."

जाताना दाराशी रेंगाळले. दुर्बीण मंडळाला देणार का? नव्या सभासदांना उपयोगी पडेल. मी बघून तरी काय करणार! देते म्हटलं. गुरुवारी पाचला न्यायला येतो म्हणाले.

६ फेब्रुवारी, गुरुवार
देण्याआधी पुसून ठेवावी म्हणून दुपारी बसले. चिकटपट्टी वाळून चिवट झाली होती. कापसाला तेल लावून सोडवली, आधी डावी, मग उजवी.

पट्टीखाली दोन खुणा आहेत. एक सुईने ओढलेली रेघ, ह्यांची. कडी तिच्यावरच होती. तिच्या थोडं पुढे लाल ठिपका. नेलपॉलिशचा, माझ्या. तो रंग मी कधीच सोडला. दोन्ही कड्यांवर तसाच ठिपका.

सचिवांना फोन करून सांगितलं, येऊ नका.

कड्या लाल ठिपक्यावर आणल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. समोरच्या गच्चीवरचे चिमटे मोजले.

नऊ.