वरच्या मजल्यावरचा दक्षिण कोरिया

३ जानेवारी
या वर्षी रोजनिशी नियमित लिहायची. गेल्या वर्षीची पहिल्याच आठवड्यात थांबली, पण ते पेन खराब होते.

संध्याकाळी धम्मदीप आला. माझा जुना विद्यार्थी, खाप्याच्या शाळेतला. आता नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे आणि इथे वाडीतच, आमच्या मागच्या गल्लीत राहतो. त्यांच्याकडे नवीन मशीन बसवायला दक्षिण कोरियाचा इंजिनिअर येतोय, उन्हाळ्यापर्यंत. हॉटेलात राहायला तो तयार नाही. "सर, तुमचा वरचा मजला रिकामाच आहे ना?"

मी तिथल्या तिथे हो म्हटले. भाड्यासाठी नाही. जन्मभर भूगोल शिकवला. 'दक्षिण कोरिया' हा पुस्तकात एक परिच्छेद होता, तोही मी पोरांना ऑप्शनला टाकायला सांगायचो. आता तो परिच्छेद स्वतः चालत आमच्याकडे राहायला येणार.

सौ.ला सांगितले. म्हणाली, "त्याले जेवाले काय देणार?"
मी अर्थव्यवस्थेबद्दल बोलत होतो.

६ जानेवारी, सकाळ
अभ्यास सुरू. लोकसंख्या पाच कोटींच्या वर, निम्मी राजधानीच्या आसपास. देश डोंगराळ. खनिजे नावापुरती. तरी जहाजे, पोलाद, मोटारी, मोबाइल, चिप्स. दोन पिढ्यांत गरिबाचा श्रीमंत. जन्मदर जगात सर्वांत कमी. लोक उंच इमारतींत राहतात.

निष्कर्ष : शिस्त. बाकी काही नाही.

मयुरी म्हणाली, "बाबा, मले विचारा ना कोरियाचं." मयुरी आमची एकुलती एक. बी.कॉम. झाली, सध्या बँकेच्या परीक्षांची तयारी. त्या कोरियन सिरियली ती आणि तिची आई बघतात हे मला ठाऊक आहे. सिरियल हा संदर्भ होऊ शकत नाही, असे तिला स्पष्ट सांगितले. हसली. मी खोलीत गेलो की ती लॅपटॉपवरचे पान पटकन बदलते. एकाग्रता वाढलेली दिसते.

९ जानेवारी
पाहुण्यांचे नाव मिस्टर ह्वांग. त्यांना आपले घर अगदी त्यांच्या घरासारखे वाटले पाहिजे. म्हणून नियम केले. सकाळी मिक्सर बंद. कुकर लावायचा असेल तर मागच्या अंगणात. मोबाइलवर मोठ्याने बोलणे बंद. विशेषतः सौ.च्या उमरेडच्या बहिणीशी. वरच्या खोलीतून देवीचे कॅलेंडर, प्लास्टिकची फुले, सौ.ची शिलाई मशीन सगळे हलवले. भिंती पांढऱ्या. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. बघूनच परदेशात आल्यासारखे वाटते.

झणझणीत सावजी रस्सा बंद. सौ.च्या हाताला आमच्या कोष्टी समाजात नाव आहे, लग्नाच्या आदल्या दिवशी लोक तिला मसाला भाजायला न्यायला येतात. पण परदेशी माणसाला काही झाले तर दोन देशांच्या संबंधांवर परिणाम होईल. मेनू मी ठरवला : दुधीचे सूप, उकडलेला बटाटा, ब्रेड.

सौ. म्हणाली, "पाहुणा येऊन राहिला का पेशंट?"
मेनू स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला. शिस्त.

१४ जानेवारी, संक्रांत
आले! चाळिशीचे, सडपातळ, चष्मा. कमरेत वाकून नमस्कार केला. मीही वाकलो. ते परत वाकले. मी मागे हटणाऱ्यांतला नाही. शेवटी धम्मदीपने आम्हाला सोडवले.

तिळगूळ देऊन मी इंग्रजीतून त्यांना त्यांच्या देशाची आर्थिक वाटचाल सांगितली. "येस, येस," म्हणत होते. मध्येच बाथरूम विचारले. परत आल्यावर उरलेली सांगितली.

दिवसभर पतंगांचा गोंधळ. धम्मदीपच्या गच्चीवर सगळे खानदान : बायको भावना, पोरे, आणि आई तुळसाबाई, ज्यांचा आवाज अमरावती रोडपर्यंत जातो. ह्वांग आमच्या गॅलरीतून बराच वेळ तिकडे बघत उभे होते. बिचाऱ्यांना किती त्रास झाला असेल. मी मयुरीला पाठवले की धम्मदीपकडच्यांना आवाज कमी करायला सांग. ती गेली आणि तिकडेच पतंग उडवत बसली.

२२ जानेवारी
ह्वांग उशिरा घरी येतात. कामसूपणा! सूप अर्धेच घेतात, बटाटा तसाच. मिताहार! बोलत नाहीत. संयम! सकाळी डोळे लाल असतात. वरती वाचन करत असावेत.

मॉर्निंग वॉकच्या ग्रुपला मी हे सगळे सांगतो. हल्ली ग्रुप जोरात चालतो. मी मागे राहतो, त्यामुळे मुद्दे मोठ्याने सांगावे लागतात.

२ फेब्रुवारी
मोठी बातमी. खाप्याच्या माझ्या शाळेतून मुख्याध्यापिका अश्लेषा मॅडमचा फोन. स्नेहसंमेलनात माझे व्याख्यान! 'दक्षिण कोरिया : लोकसंख्या, राहणीमान व अर्थव्यवस्था.' अध्यक्षस्थानी साक्षात मिस्टर ह्वांग. निरोप समारंभात मला शाल दिली आणि माझे भाषण राहून गेले होते, वेळेअभावी. आता बघू वेळ कसा नसतो.

ह्वांगना विचारले. "येस," म्हणाले.

११ फेब्रुवारी
व्याख्यान पाठ. तीन सूत्रे. एक, कोरियन माणसाला एकांत प्रिय. दोन, आहार सौम्य. तीन, समृद्धी आली की समाधान येतेच. मयुरीला ऐकवले. म्हणाली, "बाबा, एकदा त्यांनाच विचारून पाहा ना." ज्याच्यावर व्याख्यान द्यायचे त्यालाच विचारले तर व्याख्याता कशाला हवा?

१४ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ
लिहायची इच्छा नाही. पण नोंद राहिली पाहिजे.

धम्मदीपने गाडी काढली. ह्वांग, मी, सौ., मयुरी. हॉल भरलेला, सतरंजीवर पोरे, मागे पालक. मी तिन्ही सूत्रे मांडली. चौथे तिथेच सुचले, तेही मांडले. मॅडमनी दोनदा घड्याळ दाखवले, पण ते त्यांचे घड्याळ.

मग अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती झाली. मी त्यांना "थँक यू, व्हेरी नाइस" एवढे बसवून दिले होते. ते उठले, वाकले, आणि मयुरीकडे बघून कोरियनमध्ये बोलू लागले. चांगले लांबलचक. मी मयुरीला खाली बस म्हणणार, तर ती उभी राहून मराठीत सांगू लागली.

माझी मुलगी. कोरियनचे मराठी. माईकवर.

ते म्हणे असे म्हणाले : माझे वडील जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होते. देश त्यांच्या पिढीने उभा केला, त्याचा मला अभिमान आहे. सर सांगतात ते आकडे खरे आहेत. पण आमच्या गावची शाळा बंद पडली, कारण पोरेच नाहीत. आई तिथे एकटी असते. मी शहरात विसाव्या मजल्यावर राहतो आणि समोरच्या दारात कोण राहते मला माहीत नाही. घरी पोचतो तेव्हा मुलगी झोपलेली असते. इथे सरांनी मला फार स्वच्छ, फार शांत खोली दिली. अगदी माझ्या फ्लॅटसारखी. म्हणून तिथे मला झोप लागत नाही.

ह्वांग पुन्हा वाकले.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक पोरगा उठला. "सर, नागपूरचं जेवाले काय आवडलं तुमाले?"
याला मयुरीची गरज पडली नाही. ह्वांग स्वतःच म्हणाले, "सावजी!"

असा हशा माझ्या सबंध नोकरीत त्या हॉलमध्ये झाला नव्हता. शाल त्यांना मिळाली.

तोच दिवस, जेवण न घेता
घरी आल्यावर चौकशी केली. सगळे उघड झाले.

ह्वांग रोज कामावरून थेट धम्मदीपकडे जात होते. तिथे जेवायचे, पोरांशी कॅरम खेळायचे, मग आमच्याकडे येऊन माझ्या समाधानासाठी अर्धे सूप प्यायचे. आणि रस्सा कुणाचा? आमच्याच घरातला! कुकर मागच्या अंगणात लावायला मीच सांगितले होते. तिथून डबा भिंतीवरून भावनाच्या हातात.

सौ.ला विचारले. तिने मान खाली घातली नाही. "माणूस उपाशी राहून राहिला होता. मले पाहवलं नाही. तुमाले कसं पाहवलं?"

मयुरी दोन वर्षांपासून ऑनलाइन कोरियन शिकते आहे. बँकेच्या परीक्षा? "मागच्या वर्षीपासून देतच नाही बाबा."
मी ओरडलो, "मले काहून नाही सांगितलं?" शिक्षक असताना प्रमाण भाषा कधी सुटली नाही. आज सुटली.
ती म्हणाली, "सांगत तर होती. तुम्ही म्हणाले सिरियल हा संदर्भ नाही."

धम्मदीपला फोन केला. म्हणाला, "सर, तुमाले वाईट वाटन म्हणून नाही बोललो." मला वाईट वाटू नये म्हणून सगळी गल्ली महिनाभर माझ्याशी खोटे वागत होती. दग्यातही माझी काळजी!

निश्चय : आजपासून या घरात कोणाशी बोलणार नाही.

१७ फेब्रुवारी
ह्वांग धम्मदीपकडे राहायला गेले. मी त्यांना तत्त्वासाठी जाऊ दिले. शेजाऱ्यांना सांगायचे कारण : वरच्या मजल्यावर डागडुजी. जाताना वाकले. मी वाकलो नाही. मग जिन्यात ते वळून पुन्हा वाकले, तेव्हा थोडा वाकलो. मान अवघडली होती म्हणून.

२० फेब्रुवारी
अबोला चालू. अजून कोणाच्या लक्षात आलेले नाही. घरात शांततेचा नियम असल्यामुळे असेल.

५ मार्च
मयुरीला धम्मदीपच्या कारखान्यात दुभाषी म्हणून नोकरी. शिफारस ह्वांगची. पेढे आणले. खाल्ला नाही. नंतर डब्यात एकच उरला होता, तो वाया जाऊ नये म्हणून खाल्ला.

मॉर्निंग वॉकच्या ग्रुपला आधीच कळले होते. "मास्तर, पोरीले मस्त तयार केलं तुम्ही." मी नाही म्हटले नाही. लोकांच्या भावना दुखवू नयेत.

१९ एप्रिल
ऊन मरणाचे. वरच्या मजल्याला भाडेकरू नाही. पुण्याची एक जोडी बघून गेली. दवाखान्यासारखे वाटते म्हणाले. रसिकता संपली आहे.

कामावरून आली की मयुरी आईला सगळे सांगते. आज कोण काय बोलले, मशीन कुठे अडली, ह्वांग धम्मदीपवर कसे चिडले आणि तिने ते मराठीत कसे गोड करून सांगितले. दोघी हसतात. मी पेपर वाचत असतो. मध्ये एकदा हसू आले, ते पेपरातल्या बातमीला. बातमी महागाईची होती.

२३ मे
मशीन सुरू झाली. ह्वांग उद्या परत. धम्मदीपकडे सगळ्यांना जेवण, मलाही बोलावणे होते. निषेध म्हणून गेलो नाही. गॅलरीतून दिसत होते. ह्वांग तुळसाबाईंच्या पाया पडले. तुळसाबाई रडत होत्या. "आईले फोन करत जा रे बाप्पा रोज," असे त्या मराठीत सांगत होत्या आणि ते मयुरीची वाट न बघताच मान हलवत होते.

मग त्यांनी वर आमच्या गॅलरीकडे बघून नमस्कार केला. मी आत सरकलो होतो.

२ जून
कंपनी मयुरीला वर्षभर कोरियाला पाठवते आहे. ट्रेनिंग. मी परवानगी नाकारली. नंतर कळले, ती कोणी मागितलीच नव्हती. तिकीट आले आहे.

म्हटले, तिथे लोक फार राबतात, एकटे पडतात, तूच तर माईकवर सांगितलेस. म्हणाली, "हो बाबा. पण जाऊन पाहते ना स्वतः."

निश्चय : विमानतळावर जाणार नाही.

१३ जून
विमानतळावर गेलो. रस्त्याचे काम कुठवर आले ते बघायचे होते.

मयुरीला तिथल्या हवामानाची कल्पना दिली. हिवाळा कडक, उत्तरेकडून वारे. सौ. तिला मसाल्याची पाकिटे देत होती, माझ्या बोलण्यात त्यामुळे व्यत्यय येत होता. शेवटी राजधानीचे अक्षांश-रेखांश सांगितले. मयुरी म्हणाली, "पाठ करते बाबा." आणि माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. कॉलर सरळच होती.

मिठी मारली तेव्हा मी तिला सांगणार होतो की मला फार फसवल्यासारखे वाटते. पण मागे रांग होती.

२१ जून
घरात आदर्श शांतता.

मयुरीचा फोन आईला येतो. सौ. फोन माझ्याकडे देते. मी विचारतो, तापमान किती? ती सांगते. मी म्हणतो, बरोबर, साधारण तेवढेच असते. मग फोन परत सौ.कडे.

सौ. आजकाल संध्याकाळी तुळसाबाईंकडे असते. घरात करमत नाही म्हणे. मी आहे ना घरात, म्हटले. तिने ऐकून घेतले आणि चपला घातल्या. इतक्या वर्षांच्या संसारात तीही उलटली.

२८ जून, रविवार
धम्मदीपकडे आवाजाची तक्रार करायला गेलो. मुद्दे तयार होते.

दार तुळसाबाईंनी उघडले. "ये गा मास्तर, बस." बसलो. उभ्याने तक्रार नीट होत नाही. भावनाने समोर ताट ठेवले. मुद्दा पहिला मांडणार, तर तुळसाबाईंनी विचारले, "आता किती जण हाये गा?"

म्हटले, पाच कोटींच्या वर, पण दरवर्षी घटत चालले आहेत, मुले होत नाहीत, झालेली शहरात जातात, म्हातारी माणसे मागे राहतात...

"कोरियाचं नाही गा," त्या म्हणाल्या. "तुह्या घरचं विचारून राहिले."

दोन, म्हटले.

त्यातली एक आत भावनासोबत भाकरी थापत हसत होती. तुळसाबाईंनी माझ्या वाटीत रस्सा वाढला. वाटी रिकामी झाली, पुन्हा वाढला.

तक्रार उद्या.