तात्पुरत्यांचा रकाना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, नगररचना कार्यालयातील निवृत्त आरेखक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या टेबलावर, दुपारचा चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भाच्याचा होता, तो मी मानला नाही. मी भानावर आहे की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि विचारले, "पुढे उणे पाच. थांबू का?" त्यांनी दाखला लिहून दिला, तो सोबत जोडला आहे. माणसांची पूर्ण नावे वेगळ्या यादीत आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारते तशीच लिहिणार. वकिलांना ते पसंत नाही, पण मरणार मी आहे, ते नाहीत.

कलम १. माझे आरेखनाचे टेबल, टी-पट्टी, गुण्ये आणि शाईची पेने तंत्रनिकेतनाला द्यावीत. तिथे आता सगळे संगणकावर काढतात, हे मला ठाऊक आहे. तरी एखाद्या पोरीने हाताने एक रेघ मारून बघावी. शिसवी कपाट धाकट्या बहिणीला. ते तिने वीस वर्षे मागितले आणि मी वीस वर्षे दिले नाही, कारण मागताना ती दर वेळी म्हणायची, "तुला एकटीला काय करायचंय एवढं?" आता घे बाई. समोरच्या किराणा दुकानदाराला काहीही देऊ नये. त्याने दुकानाची पायरी वीतवीत करत रस्त्यात आणली. मला त्याला एक शब्द बोलता आला नाही. का, ते पुढच्या कलमात येईल.

कलम २. राहते घर. हे बाबांनी बांधले. मुख्य रस्ता आमच्यापाशी येऊन अठरा मीटरचा दहा मीटर होतो, आणि पुढे पुन्हा अठरा. या जागेला लोक 'चिमटा' म्हणतात. बसचा कंडक्टर माझ्या खिडकीखाली दिवसातून पन्नासदा ओरडतो, "चला, चिमटा उतरा!" रुग्णवाहिका इथे उलटी फिरते. शाळेच्या गाड्या अर्धा-अर्धा तास अडकतात आणि मुले खिडकीतून माझ्या पेरूच्या झाडाला हात लावतात.

हा चिमटा मी काढला आहे. बत्तीस वर्षांपूर्वी.

तेव्हा आमचे उपनगर वाढणार म्हणून पहिला विकास आराखडा तयार होत होता. नियम असा होता की वस्ती पन्नास हजारांच्या वर गेली तर मुख्य रस्ता सलग अठरा मीटरचा हवा. खाली राहिली तर बांधलेल्या घरांपाशी दहा चालेल. माणसे मोजण्याचे काम माझ्याकडे होते. घरोघरी फिरून मी वह्या भरल्या. त्यात दोन रकाने होते: 'कायम' आणि 'तात्पुरते'. मागच्या खोल्यांत, पत्र्याखाली, गच्चीवर भाड्याने राहणारे सगळे तात्पुरते. कायम चाळीस हजार, तात्पुरते अकरा हजार. बेरीज एक्कावन्न हजार. अठराची रेघ आमच्या ओटीतून आणि पुढच्या खोलीतून जात होती. घराला रंग देऊन वर्षही झाले नव्हते. बाबा रोज संध्याकाळी त्या ओटीवर पाय सोडून बसत.

मी अर्ध्या ब्लेडने ती रेघ खरवडली आणि दोन मिलिमीटर बाहेर काढली. नकाशावर दोन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर आठ मीटर. मग ती बरोबर दिसावी म्हणून तात्पुरत्यांचा रकाना बेरजेतून वगळला. मनाला सांगितले, ही माणसे काय, आज आहेत, उद्या जातील. ती गेली नाहीत. त्यांची नातवंडे आता त्या शाळेच्या गाड्यांत बसलेली असतात. आज वस्ती दीड लाख आहे. मला लाज वाटते. बत्तीस वर्षे रोज वाटली, पण लाज वाटून रस्ता रुंद होत नाही.

कलम ३. साहेबांविषयी. आराखड्यावर सही आमच्या साहेबांची होती. बोभाटा झाला तेव्हा लोक म्हणाले, साहेबांनी कोपऱ्यावरच्या घरवाल्यांकडून काहीतरी घेतले. चौकशी बसली, बढती अडकली, आणि ते कुठल्याशा आडबाजूच्या कार्यालयातून निवृत्त झाले. जाण्याआधी एकदा घरी आले होते. ओटीवर चहा घेतला. पायरीकडे पाहत म्हणाले, "बाई, टी-पट्टी सरकली असेल, नाही?"

मी म्हटले, "हो साहेब. सरकली असेल."

त्यांनी कप खाली ठेवला. "घर मात्र छान उभं राहिलंय," म्हणाले आणि गेले. त्यांनी माझे नाव कुठेही घेतले नाही. मी मात्र लोकांना त्यांचे नाव घेऊ दिले. मी हे लिहून ठेवते की साहेबांनी कोणाकडून काही घेतले नव्हते. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी माझी बेरीज पुन्हा तपासली नाही, कारण माझी बेरीज कधी चुकत नसे.

कलम ४. साहेब आता नाहीत. त्यांची मुलगी त्याच कार्यालयात नवा आराखडा करते आहे, पुढच्या तीन लाख माणसांचा. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली. म्हणाली, "मावशी, जुन्या आकड्यांत घरं जुळतात, माणसं जुळत नाहीत. दहा-अकरा हजार माणसं गेली कुठे?" मी सांगितले, वह्यांना वाळवी लागली. वाळवी नाही लागली. वह्या माझ्या पलंगाखालच्या पेटीत आहेत, आणि तो मूळ नकाशाही. खरवडलेल्या जागी बोट फिरवले तर अजून खरखर लागते. ही पेटी ~~माझ्या मृत्यूनंतर~~ तिला द्यावी.

(वरचे दोन शब्द मीच खोडले आहेत. कलम लिहून वाचले आणि स्वतःचाच राग आला. मेल्यावर द्यायला तो काय दागिना आहे? पोरगी आत्ता मोजते आहे. तिला आत्ताच फोन केला. म्हटले, "वाळवीचं खोटं होतं. ये आणि पेटी घेऊन जा. आणि बस जरा, तुझ्या बाबांबद्दल सांगायचंय." ती म्हणाली, "निघाले." खोडल्याच्या बाजूला मी सही केली आहे. या वेळी केली.)

कलम ५. घराचा पुढचा आठ मीटर भाग, म्हणजे ओटी, पुढची खोली आणि पेरूचे झाड, नगरपालिकेने रस्त्यासाठी घ्यावा. मोबदला नको. मोजणीवाल्याकडून चुन्याची रेघ मारून घेतली आहे, मूळ होती तिथेच. मधली खोली आणि स्वयंपाकघर भाच्याला. तो म्हणतो, "मावशी, माणसं वाढतायत, त्यांना घरं नकोत का? सगळं बिल्डरला देऊन टाक, टॉवर होईल." बाळा, घरे हवीतच. पण घरातून बाहेर पडायला रस्ता कोण देणार, तुझा बिल्डर? रागावू नकोस. तुझी दोन घरे आहेत, तिसऱ्यात तू फक्त कुलूप लावशील.

मागच्या दोन खोल्या तिथे चौदा वर्षे राहणाऱ्या नर्सला कायमच्या द्याव्यात. बस चिमट्यात अडकली की ती दोन थांबे आधी उतरून पायी येते, आणि आल्यावर आधी माझ्या गोळ्या बघते. तिला यातून मिळते आहे, म्हणून तिची साक्ष घेतलेली नाही.

कलम ६. नव्या आराखड्यासाठी आज सकाळी माणसे मोजायला एक मुलगी आली होती. तिच्या कागदावर अजून तेच दोन रकाने आहेत. नर्स, तिचा नवरा, सासू आणि दोन मुलींना ती दुसऱ्या रकान्यात टाकू लागली. मी पेन मागून घेतले आणि स्वतः भरले. त्याची नक्कल जोडली आहे.

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
१. गल्लीतला शिंपी (सही)
२. शंभरातून सात वजा करायला लावणारे डॉक्टर (सही)

मृत्युपत्र करणारी: (सही)
ठिकाण: पुढची खोली, चुन्याच्या रेघेच्या अलीकडे
दिनांक: सतरा, मार्च महिना, मंगळवार

जोडपत्र. या घरात राहणारी माणसे:
कायम: पाच.
तात्पुरती: एक. मी.
एकूण: सहा. बेरीज तपासून घ्यावी.