भिंतीवरचा पलंग

५ फेब्रु., गुरु.

कांदिवलीहून चित्र आणलं एकदाचं. फ्रेमवाल्याने आठवडा लावला. वर विचारतो, "ताई, पोरानं काढलं का?" म्हटलं, नाही, पोरीच्या आईनं.

हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलं. पलंग आहे. आमचाच, बेडरूममधला, वरून दिसेल तसा. काळा खडू इतका दाबला होता की मोडला, मग तुकड्यानं रगडलं. चादर लाल. माणूस नाही. मागचा अख्खा पावसाळा त्या पलंगावर गेला माझा. आंघोळीला उठायचं म्हणजे सुद्धा...

काढून झालं तेव्हा हात कोपरापर्यंत काळे आणि मी घामाघूम. केतकी (चित्रांचा क्लास घेणारी, आमच्या प्राचीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल) चांगलं-वाईट काहीच म्हणाली नाही. म्हणाली, "मंगलताई, आता लांब जाऊन बघा. जिथे बरं वाटेल तिथे थांबा." मी मागे सरकत सरकत पार दारापर्यंत गेले. इतके महिने त्याच्यावर पडून छत बघितलं होतं, त्याला बाहेरून कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन दोन वाट्या भात जेवले.

सासूबाई आल्या, चष्मा लावून बघितलं. "ह्या काय गो? मेल्या माणसाची खाट भिंतीर कित्याक लावलंस?"
म्हटलं, मेलं नाही कोणी. तेच तर सांगायचंय.

६ फेब्रु., शुक्र.

लिफ्टमध्ये समोरच्या बाई भेटल्या. "थायरॉइड कसा आहे? धन्याचं पाणी घेताय ना?" हो म्हटलं. जीभ झडली नाही माझी.

मागच्या जूनपासून बिल्डिंगला, गावाला, दिनकरच्या ऑफिसला एकच सांगितलंय, मंगलला थायरॉइड. ठरवलं दि.नं आणि त्याच्या आईनं, सा.बाईंनी. मला कोणी विचारलं नाही, आणि तेव्हा मी विचारण्यासारखी नव्हतेही म्हणा. डॉक्टरांनी सरळ डिप्रेशन म्हणून सांगितलं होतं. पण बघायला कोणी आलं की उठा, केस विंचरा, थायरॉइडचं तोंड करून बसा. आजारानं दमले नसेन तेवढी त्या नाटकानं दमले. क्लासमध्ये नाटक नाही करावं लागत, म्हणून जाते. सावंतकाका तिथे तासभर नुसता कागद फाडतात. बायको गेल्यापासून. कोणी त्यांना "पॉझिटिव्ह राहा" म्हणत नाही.

दि. चित्राकडे न बघता पेपर वाचतो. म्हणजे बघतो.

७ फेब्रु., शनि.

उद्या मुलुंडवाले येणार, प्राचीच्या लग्नाचं बोलायला. निखिल आणि प्राची अंधेरीला एकाच ऑफिसात, त्यांचं त्यांनी जमवलेलंच आहे. उद्या आपलं मोठ्या माणसांचं पोहे खाणं. निखिल चांगला आहे, मला आवडतो.

प्राची दुपारी जवळ येऊन बसली. लाडात आली की समजावं.
"आई, ते चित्र उद्यापुरतं आत ठेवूया?"
"का?"
"अगं, पहिल्यांदाच येतायत. डार्क आहे ना ते."
"निखिलला माहितेय ना मला काय झालं होतं?"
"थायरॉइड सांगितलंय."

दि.नं सांगितलं असतं तर नेहमीचंच म्हणून सोडलं असतं. पोटची पोर! मी पडून होते तेव्हा हीच माझ्या तोंडात घास घालायची, आणि हिलाच माझी लाज?

नाही काढणार म्हटलं. तिनं पाय आपटले, लहानपणी आपटायची तसे. मीही आवाज चढवला. काढायचं तर मलाही बेडरूममध्ये कोंडा आणि मुलुंडवाल्यांना सांगा, आई गावाला गेलीय.

८ फेब्रु., रवि.

लिहायलाच हवं आजचं.

सकाळी बघते तर सा.बाईंनी माझ्याच खिळ्यावर, माझ्या चित्रावर, वाण्याकडचं कॅलेंडर अडकवलेलं. मोठं, गणपतीचं. बाजूने नुसती फ्रेमची कड दिसत होती. मी काढणार तेवढ्यात बेल. एक तास आधी आले ते! मुलुंडची माणसं वेळेआधी येतात हे कोणाला ठाऊक?

पोहे झाले, चहा झाला. निखिलच्या आई बोलक्या, हसऱ्या. निखिलचे बाबा म्हणाले, मग आता पुढचं ठरवू. आई म्हणाल्या, "यंदा मेमध्ये अधिक लागतोय, त्याआधी उरकायला हवं. बघू हं," आणि उठून थेट कॅलेंडरलाच हात घातला.

हसू आलं मला. खरंच आलं. लग्न ठरवायला येणारी माणसं कॅलेंडर बघणार नाहीत तर काय बघणार? एवढं सुचलं नाही घरात कोणालाच, मलाही नाही. त्यांनी मे महिना नीट दिसावा म्हणून ते खिळ्यावरून उतरवून घेतलं आणि समोर माझा काळा पलंग.

"अगंबाई, हे काय?"

दि. घाईघाईनं म्हणाला, "ते... प्राचीनं लहानपणी काढलेलं."
प्राचीनं मान खाली घातली. नाही म्हणाली नाही.

मी म्हटलं, "मी काढलंय. मागच्या महिन्यात. मला डिप्रेशन होतं, आठ महिने झाले. थायरॉइड नाही. गोळ्या चालू आहेत आणि दर गुरुवारी चित्रं काढायला जाते. त्यानं बरं वाटतं."

एका दमात बोलले. कोणी मला विचारलं नव्हतं हे खरं. पण माझ्या हातचं, माझ्यादेखत, दुसऱ्याच्या नावावर घालतात? आणि गप्प बसू?

निखिलच्या आई हळूच बसल्या, मे महिना मांडीवर तसाच. "आता बऱ्या आहात ना?" "आज आहे." मग बाबांनी विचारलं, "हे... घराण्यात आहे का?" म्हटलं, घराण्यात कोणी डॉक्टरकडे गेलंच नाही, तर कळणार कसं? निखिल प्राचीकडे बघत होता, प्राची फरशीकडे.

कळवतो म्हणाले. लाडू तसेच राहिले.

९ फेब्रु., सोम.

सा.बाई: "झाला समाधान?"
दि.नं पेपर तोंडासमोर धरलाय.
प्राची ऑफिसला डबा न घेता गेली. काल म्हणाली, "दोन तास, आई. फक्त दोन तास तुला थांबता आलं नाही?"

वाईट वाटतंय. खूप. पण चुकले असं नाही वाटत. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चित्र आहे तिथेच आहे. कॅलेंडरला किचनमध्ये नवा खिळा मारला, मीच.

१२ फेब्रु., गुरु.

सकाळी उठवत नव्हतं. तो जुना जडपणा, ओळखीचा. घाबरले. तरी बस पकडली.

केतकीला सगळं सांगितलं. वाटलं शाबासकी देईल. ती म्हणाली, "आणि प्राचीला काय वाटलं असेल?" राग आला तिचा. मग मोठा कागद घेतला आणि नुसता लाल रंग फासला, दोन्ही हातांनी, टेबलालाही लागला. सावंतकाका म्हणाले, "वहिनी, भिंत तरी सोडा!" हसलो दोघं.

जडपणा गेला नाही. थोडा सरकला.

१३ फेब्रु., शुक्र.

फोन आला. निखिलच्या आई, माझ्याच मोबाइलवर. प्राची आज घरूनच काम करत होती, मी स्पीकरवर टाकला.

आवाज अगदी गोड. "मंगलताई, आमचं काही म्हणणं नाही हो. मुलगी आम्हाला पसंत आहे. तुम्ही बोललात, धीराच्या आहात. फक्त एक करूया. आमच्याकडे मोठं खटलं आहे, सासूबाई, दीर, नणंदा. त्यांना आपण थायरॉइडच सांगू. तुम्हीही तेच सांगा. नाहीतरी कोणाला काय करायचंय?"

प्राचीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. मान हलवायला लागली, हो म्हण, आई, हो म्हण.

किती सोपं होतं! एक शब्द. आणि मग साखरपुडा, लग्न, बारसं, प्रत्येक वेळी केस विंचरून तेच तोंड. जन्मभर. त्या नाटकानंच मला परत पाडलं तर? प्राचीचं लग्न माझ्या जिवावर बेतू द्यायचं?

म्हटलं, "तुम्ही तुमच्या माणसांना काय सांगायचं ते सांगा, मी खोडून काढणार नाही. पण मला कोणी तोंडावर विचारलं तर मी खरं सांगणार."

"बरं. ह्यांच्याशी बोलते." फोन ठेवला.

प्राची खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१५ फेब्रु., रवि.

मुलुंडहून फोन नाही. निखिलचे येतात, पण तोही म्हणतो म्हणे, घरी बोलणं चाललंय.

सकाळी साबुदाणा परतत होते. महाशिवरात्र, सगळ्यांचा उपास. प्राची ओट्याशी येऊन उभी राहिली. शेंगदाण्याचं कूट पुढे केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, हे लग्न मोडलं ना, तर मी तुला माफ करेन की नाही, मला खरंच माहीत नाही."

कालथा तसाच हातात राहिला. लागलं. असं लागलं की रडूच फुटलं, तिच्यासमोरच.

तिला सांगितलं, मी शब्द मागे घेणार नाही. ती म्हणाली, "माहितेय." बशी घेतली आणि तिथेच, ओट्याशी उभी राहून खाल्लं तिनं. गेली नाही.

मागच्या जूनपासून या घरात सगळे माझ्याशी जपून, सांभाळून, गोड बोलतात. आज पहिल्यांदा कोणीतरी मला धडधाकट माणसासारखं तोडून बोललं.