मॅच अर्ध्या तासाची

२२ जानेवारी १९८६
घोळ झाला! रविवारी पाच वाजता पालघरहून मला बघायला पाहुणे येणार. आणि त्याच दिवशी तीनला चिंचणीच्या वाळूत आमची व्हॉलीबॉलची फायनल. आई म्हणाली, "जायचं नाही." बाबांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "किती वेळ चालते ती मॅच?"
"अर्धा तास." दिलं ठोकून.
"मग जा. साडेचारला घरात हवीस, उषा."

२३ जानेवारी
नवसीला सांगितलं. ही पाम गावची, कारखान्यात माझ्याच टेबलावर पॅकिंगला. आमची दोघींची जोडी. पोट धरून हसली. "अर्धा तास? सर्व्हिस आपली असल तवाच गुन मिलतो. त्या चिंचणीवाल्या सोडतील काय सर्व्हिस?"
पंच तात्यांना विचारलं. म्हणाले, "पाऊण तास धर. पण दोन्ही जोड्या सारख्याच निघाल्या, तर माझ्याही हातात नाही."

२५ जानेवारी
आईनं मोरपंखी साडी इस्त्री करून ठेवली. मी गुडघ्याला पट्टी बांधून बघितली.

२६ जानेवारी, रविवार
काय दिवस!
समोर चिंचणीची पारू आणि तिची वहिनी साखरबाई. सकाळी मासळी विकून आलेल्या, कासोटा घट्ट मारलेला. पहिला गेम त्यांनी झटक्यात घेतला. दुसरा आम्ही — रडतखडत. तिसऱ्यात नऊ-नऊ, आणि पुढे गुण हलेचना! सर्व्हिस नुसती इकडून तिकडे. ओहोटी होती, भरती असती तर पाण्यानंच मॅच संपवली असती.
साडेचार वाजले. नवसी म्हणाली, "जा तू. मी सांगते, हरलो."
मी घराकडच्या, बोईसरच्या रस्त्याकडे बघितलं. मग पारूकडे. ती ओरडली, "पलून चाललीस? आमी सोडनार नाय!"
"टाक सर्व्हिस!" मी म्हटलं.
सोळा-चौदा! जिंकलो!! पारूनं मला उचलून ओल्या वाळूत आपटलं. "परत खेलू, उद्याच!"
घरी पोचेपर्यंत अंधार पडला. पाहुणे गेलेले. कप तसेच. आई रडली. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. मान खाली घालून उभी होते — आणि हसू आवरत नव्हतं.

२७ जानेवारी
बाबा अजून गप्प. वाटतं, त्यांनी ओरडावं तरी.

२८ जानेवारी
जेवताना बाबा अचानक, "कितीवर सुटली?"
"सोळा-चौदा."
"पंधराला संपते ना?"
"दोनचा फरक लागतो, बाबा."
मग सगळंच सांगितलं. वाट्या मांडून! लोणच्याची बरणी म्हणजे साखरबाई. वरण गार झालं. शेवटी ते म्हणाले, "साडेचारला निघाली असतीस तर?"
"हरलो असतो."
"हं."
एवढंच. पण हात धुताना गालात हसत होते — मी पाहिलं!

२ फेब्रुवारी
पालघरहून निरोप. फोटोवरूनच मुलगी पसंत! आईनं साखर वाटली. बाबा म्हणाले, "बघू." मी गुडघ्याची पट्टी ट्रंकेच्या तळाशी टाकली.

४ फेब्रुवारी
बाबांनी पालघरला नकार कळवला. आणि तात्यांना गाठून रेल्वेच्या व्हॉलीबॉल संघाच्या निवड चाचणीला माझं नाव घातलं. मला विचारलंसुद्धा नाही! परवा निघायचं. बाबांनी रजा टाकली आहे.