नळातला खोकला

सिडको, नाशिक
२१ फेब्रुवारी २०२५

चि. साक्षी,

आईचा जयभीम. जावईबापूंनाही सांग. इकडे द्राक्षं उतरायला लागलीत, तुझ्यासाठी पेटी घ्यायची राहूनच गेली. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय.

बाबांना काल दवाखान्यात दाखल केलं. ऑक्सिजन लावलाय. शुद्धीवर आहेत, चहा अगोड आहे म्हणून नर्सबाईंशी भांडतात.

कॅन्सरसाठीच्या इम्युनोथेरपीच्या सलाईनबरोबर पिवळं कार्ड मिळालं होतं, आठवतं ना? नवा खोकला, धाप, जुलाब, काहीही झालं तरी लगेच कळवा. औषध अंगातल्या राखणदारांना जागं करतं, पण कधी ते घरच्यांवरच तुटून पडतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. कार्ड मी बुद्धाच्या मूर्तीमागे जपून ठेवलं.

मग एका दुपारी मोरीचा नळ सोडला, तर पाणी नाही, नुसती फुसफुस. आणि आतून कुणीतरी खोकलं. तुझी आजी शेवटी अशीच खोकायची. आपण भुताखेतांना न मानणारी माणसं, सांगणार कुणाला? रोज दुपारी टाकी रिकामी झाली की खोकला यायचा. बाबा तेव्हा उन्हाला म्हणून गच्चीवर असायचे.

चौथ्या दिवशी मी धुणं घेऊन वर गेले. बाबा टाकीचं झाकण काढून, आत डोकं घालून खोकत होते.

"विमल, कळलं तर सलाईन बंद करतील," म्हणाले.

ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं विमानं तपासलेला माणूस. इंजिनाचा आवाज जरा बदलला की विमान जमिनीवरच ठेवायचं, हे हाताखालच्या पोरांना शिकवायचा. स्वतःवर वेळ आली तेव्हा आवाज लपवायला टाकी शोधली.

आणि मी? मी झाकण लावलं, कपडे वाळत घातले. तू फोनवर विचारायचीस, खोकला आहे का, आणि मी नाही म्हणायचे. गाठ लहान झाली होती गं. मलाही ते सलाईन हवं होतं, हावरटासारखं.

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्रास कधीपासून? औषधानेच फुप्फुसाला सूज आलीय का, ते त्यांना ठरवायचं होतं. मी परवापासून म्हटलं. बाबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

आज सकाळी त्यांचे कपडे न्यायला घरी गेले. टाकी काठोकाठ भरलेली, झाकणावर वीट. नळ सोडला, तर आधी पाणी आलंच नाही. खोकला आला. त्यांचाच, तीनदा. मग पाणी.

मी पळाले नाही. "ऐकलं हो," एवढंच म्हटलं.

आता वॉर्डाबाहेर बाकावर बसलेय. डॉक्टरीणबाई आल्या की खरं सांगणार, खोकल्याला तेरा दिवस झाले. बाबा रागावतील. तूही रागाव, पण इथे येऊन रागाव.

नऊ दिवस बहिरेपणाचं सोंग घेतलेली,
तुझी आई