अळी नसलेलं वांगं

रविवार, ३० नोव्हेंबर

वांग्यात अळी नाही म्हणून वांगं खोटं! एव्हरशाईन वस्तीतल्या सोसायटीच्या गेटाशी, आमच्या रविवारच्या भाजीच्या स्टॉलवर, सगळ्यांदेखत, हे ऐकून घेतलं आज. सोसायटीतल्या दिपिका मॅडमनी आमच्याच टेबलावर, आमच्याच सुरीने एकामागून एक वांगी चिरली. एकातही अळी नाही. मग म्हणाल्या, "हे जीएमओ आहे. नाहीतर इतकं क्लीन कसं?"

गेल्या वर्षी याच बाईंनी आमच्या अळीच्या वांग्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. बाबांना तो फार लागला होता.

मी सांगितलं, जनुक बदललेलं वांगं लावायला आपल्याकडे परवानगीच नाही, कधीचं अडकून पडलंय ते. कोणी ऐकेना. एक काका म्हणाले, असलं खाल्लं की आपले जीन्स बदलतात. म्हणजे साधं वांगं खाल्ल्यावर यांना देठ फुटतात का? — हे तिथे सुचायला हवं होतं. आत्ता सुचतंय.

सोमवार, १ डिसेंबर

ग्रुपवर निरोप आला: पुरावा आणेपर्यंत स्टॉल बंद. आमच्या नावाने, आमच्या हाताने भाजी विकायची ती एकच जागा! बाकी सगळा माल दलालाकडे जातो. बाबा धुतलेले क्रेट पुन्हा धूत बसले. आई म्हणाली, "अळीच पायजे असेल त्यांना तर घालून देऊ की एकेक." मला हसू आलं नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

निकोलसला फोन केला. बायोटेकला माझ्या वर्गात होता, आता एका बियाण्यांच्या लॅबमध्ये आहे. कापसातलं बदललेलं जनुक ओळखायला वापरतात त्या चाचणीच्या पट्ट्या आणतो म्हणाला; वांग्यातलं जनुकही तेच. पण वाद घातलाच. मी म्हटलं, बांगलादेशात असलं वांगं वर्षानुवर्षं खातात, फवारणी कमी झाली, मग इथेच एवढी भीती का? तो म्हणाला, पोटाचं सोड, उद्या बी कोणाचं असणार ते बोल. दरवर्षी कंपनीच्या दारात उभं राहायचं का?

मी चिडलेय म्हणून मी बरोबर आहे असं होत नाही. तरीही प्रत्येक वाण वेगळं तपासावं, नुसत्या नावाला भिऊ नये, हे मी सोडणार नाही.

फोन ठेवताना म्हणाला, "पण रोपं कुठून आणलीत, विचारलंस का?" नर्सरीतून आणली होती. तिथे कोणी चोरून आणलेलं बदललेलं बी लावलं असेल तर?

शनिवार, ६ डिसेंबर

निकोलस पट्ट्या देऊन गेला. घरीच आधी करून पाहिलं. वांग्याचा तुकडा ठेचला, पाण्यात कालवला, पट्टी बुडवली. एक रेघ म्हणजे साधं, दोन म्हणजे जनुक बदललेलं. एकच आली! पट्टी पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिली. बाबा म्हणाले, "माझ्या वांग्यावर तुझाच इश्वास नव्हता काय?" खरंच नव्हता. वाईट वाटलं.

रविवार, ७ डिसेंबर

निकोलसला बरोबर नेऊन सगळ्यांसमोर पुन्हा तीच चाचणी. दिपिका मॅडमनी स्वतः वांगं निवडलं. एक रेघ. टाळ्या वाजल्या! मॅडम म्हणाल्या, "सॉरी हां, घर में छोटे बच्चे हैं ना, टेन्शन येतं." मी रात्री रंगवलेली पाटी लावली — 'जीएमओ-मुक्त'. पाटीशेजारी बाबांचा फोटो काढला मॅडमनी. क्रेट रिकामे झाले. बाबा येताना टेम्पोत गुणगुणत होते.

उतरताना निकोलसने विचारलं, मग अळी का नाही? मी म्हटलं, औषध मारतो की, सगळेच मारतात.

मंगळवार, ९ डिसेंबर

निकोलसला आभाराचं जेवण होतं. आईला भरीत करायचं होतं; पाहुणा येणार म्हणून मी या वेळी रस्त्याकडच्या ओळीतून चांगली तुकतुकीत वांगी तोडून आणली. आईने ती हातातून काढून बाजूला ठेवली.

"ही नको गो. परवा मारलंय तिथे. आपली विहिरीकडची आन."

विहिरीकडची ओळ आमची. तिथे औषध मारत नाहीत. तिथली वांगी वाकडी, भोकं पडलेली. किडकं कापून टाकायचं आणि उरलेलं रांधायचं. लहानपणापासून मीच तोडून आणते, दर वेळी, विचार न करता. निकोलस दारातच उभा होता. त्याने ऐकलं.

मला अक्षरं बाबांनी शिकवली, वाडीतल्या औषधाच्या बाटल्यांवरून. लाल खूण असली की हात लावायचा नाही, हे मला 'क'च्याही आधी येत होतं!

संध्याकाळी बाबांना विचारलं, मारल्यावर किती दिवस थांबता तोडायला? म्हणाले, थांबलो तर तेवढ्यात अळी शिरते. मी म्हटलं, मग ते लोक काय खातात? तेव्हा मात्र आवाज चढला. "किडकं वांगं घेतं कोण? तुझ्या त्या मॅडमनेच फोटो टाकला होता. मी त्यांना पायजे ते देतो."

हे खोटं नाही. त्याचाच जास्त राग येतोय. जे वांगं ही फवारणी वाचवेल त्याला सगळे घाबरतात, आणि फवारलेल्यावर टाळ्या वाजवतात. पाटी मी रंगवली. तीही खोटी नाही! एक शब्द खोटा नाही तिच्यावर.

शुक्रवार, १२ डिसेंबर

बाबांनी आज पुन्हा पंप पाठीला लावला. मी पुढे उभी राहिले. "सर," एवढंच म्हणाले. मी सरले.

रविवार, १४ डिसेंबर

टेबलावर दोन टोपल्या मांडल्या, एक रस्त्याकडच्या वांग्यांची, एक विहिरीकडच्या. पहिलीवर पाटी लावली, 'ही विकतो'. दुसरीवर, 'ही खातो'. बाबा टेम्पोतून उतरले नाहीत. दिपिका मॅडम पिशवी घेऊन आल्या आणि दोन्ही पाट्या वाचून माझ्याकडे बघत राहिल्या.